प्रलय, ब्रह्मोस की लांब पल्ल्याचा पिनाक : पुढचा पैसा आधी कशावर?

लेहवर पट्टीचा शून्य ठेवून शिनच्यांगमधल्या होतान विमानतळापर्यंत नकाशावर रेघ ओढली, तर ती सुमारे ३८० किलोमीटर भरते. लेहहूनच तिबेटमधल्या न्गारी गुन्साच्या धावपट्टीपर्यंतचे अंतर सव्वातीनशेच्या आसपास येते. अमृतसरहून रावळपिंडीचा नूर खान तळ पावणेतीनशे किलोमीटरवर आहे आणि लाहोर तर जेमतेम पन्नासवर. अण्वस्त्रांचा संबंध नसलेला, म्हणजे पारंपरिक स्फोटकांचा मारा करण्यासाठी भारतीय लष्कराने पुढची गुंतवणूक कोणत्या अस्त्रात करावी, या प्रश्नाचा निम्मा भाग या चार आकड्यांत आहे. क्षेपणास्त्र हवेत असताना समोरचा देश त्याचा काय अर्थ लावील, हा उरलेला निम्मा भाग, आणि आपल्याकडच्या चर्चेत तो बहुधा शेवटी, उरकल्यासारखा येतो.

निवड तीन अस्त्रांमधली आहे. पहिले प्रलय, हे नवे, लघु पल्ल्याचे, जमिनीवरून जमिनीवर मारा करणारे क्षेपणास्त्र. दुसरे ब्रह्मोस, जे दोन दशकांपासून परिचित आहे आणि आता प्रत्यक्ष लढाईत वापरले गेले आहे. तिसरा पिनाक, ज्याला आपण अजूनही रॉकेट म्हणतो, पण ज्याचा पल्ला वाढत वाढत क्षेपणास्त्रांच्या अंगणात येऊन पोहोचला आहे. तिन्ही अस्त्रे थोड्याफार संख्येने लागणारच, हे मान्य करूनही आधी काय आणि किती, हा प्रश्न शिल्लक राहतो. संरक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यापासून अंदाजपत्रकावर मत द्यावे लागणाऱ्या लोकप्रतिनिधीच्या सल्लागारापर्यंत ज्यांना या प्रश्नावर भूमिका घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे.

पृथ्वीपासून प्रलयपर्यंत

पृथ्वी क्षेपणास्त्राची पहिली चाचणी २५ फेब्रुवारी १९८८ रोजी झाली, तेव्हा ती देशासाठी मोठी झेप होती. परंतु पृथ्वीचे इंधन द्रवरूप होते आणि युद्धभूमीवर हेच त्याचे मोठे वैगुण्य ठरले. इंधन पेटवण्यासाठी जोडीला लागणारे धुमसते नायट्रिक आम्ल इतके दाहक, की ते हाताळणाऱ्या जवानांना डोक्यापासून पायापर्यंत संरक्षक पोशाख चढवावा लागे. इंधनाची वाहने वेगळी, आम्लाची वेगळी, आणि एवढा लवाजमा घेऊन उघड्या मैदानात थांबायचे, म्हणजे शत्रूच्या टेहळणी विमानाला आमंत्रणच. हजार किलोचे स्फोटकशीर्ष दीडशे किलोमीटरवर नेण्याची ताकद कागदावर कितीही आकर्षक असली, तरी जे अस्त्र डागण्यापूर्वी बराच काळ जागेवर बसून राहते, ते लढाईच्या वेगाशी जुळत नाही.

त्यावरचा पहिला उतारा म्हणून प्रहार आले. २१ जुलै २०११ रोजी ओडिशातल्या चांदीपूरहून त्याची चाचणी झाली. पल्ला १५० किलोमीटर, स्फोटकांचे वजन सुमारे २०० किलो आणि एका वाहनावर सहा क्षेपणास्त्रे. पिनाक आणि पृथ्वी यांच्यामधली पोकळी भरून काढावी, हा त्यामागचा जाहीर हेतू. घन इंधन असल्यामुळे ते चटकन डागता येत असे, पण दोनशे किलो स्फोटकांत भक्कम लक्ष्याचे फारसे बिघडत नाही आणि विखुरलेल्या लक्ष्यासाठी एवढे क्षेपणास्त्र खर्ची घालणे परवडत नाही. माझ्या मते प्रहार या कात्रीत सापडले. पुढे पिनाकचाच पल्ला वाढू लागला, तेव्हा त्याची उरलीसुरली जागाही गेली.

प्रलयला २०१५ मध्ये सुमारे ३३३ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आणि २२ व २३ डिसेंबर २०२१ असे लागोपाठ दोन दिवस त्याच्या पहिल्या चाचण्या झाल्या. पल्ला १५० ते ५०० किलोमीटर, स्फोटकशीर्ष ५०० ते १००० किलो. २६ जानेवारी २०२५ च्या संचलनात ते प्रथमच कर्तव्य पथावर दिसले. २८ आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वाधिक आणि सर्वांत कमी पल्ल्याच्या चाचण्या घेण्यात आल्या, आणि ३१ डिसेंबर २०२५ रोजी एकाच प्रक्षेपक वाहनावरून दोन क्षेपणास्त्रे पाठोपाठ सोडण्यात आली. ही शेवटची चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एक क्षेपणास्त्र अचूक पडले, हे प्रयोगशाळेचे यश. एका वाहनावरची दोन्ही क्षेपणास्त्रे काही क्षणांत सोडून जागा बदलता आली, तर त्याला तोफखान्याचे अस्त्र म्हणता येते.

तांत्रिकदृष्ट्या प्रलयचे वेगळेपण त्याच्या वाटेत आहे. दगड भिरकावला की तो ज्या कमानीतून जातो तीच कमान साध्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची असते, आणि शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या सूत्राने हिशोब केला तर ५०० किलोमीटरवर पडणारी वस्तू मध्यावर सुमारे १२५ किलोमीटर उंची गाठते. ही कमान सुरुवातीच्या काही क्षणांवरून गणिताने पुढे काढता येते, आणि शत्रूची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा नेमके तेच करते. प्रलय याहून बुटक्या कमानीतून जाते आणि हवेच्या विरळ थरांत असतानाही आपली दिशा बदलू शकते. त्यामुळे ते कुठे पडणार हे शेवटपर्यंत निश्चित सांगता येत नाही. रशियाचे इस्कंदर याच जातीचे, आणि युक्रेनच्या युद्धात पाश्चात्त्य बनावटीच्या उत्तम यंत्रणांनाही ते अडवताना घाम फुटला आहे. अडवलेच जात नाही असे मात्र नाही. अजिंक्य अस्त्र ही जाहिरातीची भाषा आहे.

पुणेकरांसाठी एक नोंद. प्रलयची प्रमुख प्रयोगशाळा म्हणजे हैदराबादची ‘रिसर्च सेंटर इमारत’ ही संस्था; परंतु तिच्यासोबत काम करणाऱ्या संस्थांत पाषाणची एआरडीई, सुतारवाडीची एचईएमआरएल आणि दिघीची आर अँड डीई इंजिनिअर्स, अशा तीन पुण्याच्या आहेत. शस्त्रास्त्रे, स्फोटक व इंधनद्रव्ये आणि लष्करी अभियांत्रिकीची साधने ही या तिघींची अनुक्रमे खासियत आहे.

ब्रह्मोसशी तुलना

ब्रह्मोस आणि प्रलय यांना एकाच पारड्यात तोलण्याचा मोह होतो, कारण दोघांचे पल्ले जवळचे आहेत. ब्रह्मोसचा मूळ पल्ला २९० किलोमीटर होता. तंत्रज्ञान हस्तांतरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतली ३०० किलोमीटरची मर्यादा हे त्या विचित्र आकड्याचे कारण, आणि जून २०१६ मध्ये भारत त्या नियमावलीचा सदस्य झाल्यावर पल्ला वाढवण्याची वाट मोकळी झाली. ध्वनीच्या २.८ पट वेगाने ते जाते. २९० किलोमीटरसाठी त्याला साधारण सहा मिनिटे लागतात. त्याच अंतरासाठी प्रलयसारख्या क्षेपणास्त्राला चार-पाच मिनिटे लागावीत, असा ढोबळ हिशोब निघतो. म्हणजे केवळ वेगाच्या निकषावर निर्णय होण्याइतका फरक इथे नाही.

फरक आहे तो स्फोटकशीर्षाच्या वजनात आणि वाटेत. ब्रह्मोस २०० ते ३०० किलो स्फोटके नेते, प्रलय त्याच्या दुपटी-तिपटीहून अधिक. धावपट्टीचे उदाहरण घेतले की हे चटकन ध्यानात येते. काँक्रीटच्या धावपट्टीवर एक खड्डा पडला तर सज्ज असलेली दुरुस्ती तुकडी काही तासांत तो बुजवते; विमाने खरोखर जमिनीला खिळवायची असतील तर धावपट्टी अनेक ठिकाणी उखडावी लागते आणि काँक्रीटखालचा भरावही उसकटावा लागतो. प्रलयसाठी ज्या स्फोटकशीर्षांचा उल्लेख केला जातो त्यांत आत घुसून फुटणारे एक आणि धावपट्टीवर छोटे भेदक स्फोटक पेरणारे दुसरे, असे प्रकार आहेत. म्हणजे विमानतळ हे लक्ष्य रचनेच्या पातळीवरच गृहीत धरलेले दिसते. उलट एखाद्या इमारतीची विशिष्ट बाजू, विमानांच्या निवाऱ्याचे दार, समुद्रातली युद्धनौका किंवा डोंगरामागे लपलेली रडार, यांसाठी ब्रह्मोस सरस आहे. ते जमिनीलगत येऊ शकते, त्याच्या एका आवृत्तीची डोंगरी युद्धासाठी लक्ष्यावर उभा सूर मारण्याची चाचणी झालेली आहे, आणि सुखोई विमानातून सोडले तर विमानाचा पल्लाही त्याच्या पल्ल्यात मिळवावा लागतो.

ब्रह्मोसची दुसरी जमेची बाजू सिद्धतेची आहे. पहिली चाचणी १२ जून २००१ ची, त्यानंतर तिन्ही दलांत प्रवेश, फिलिपिन्सला निर्यात, आणि मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरमध्ये प्रत्यक्ष वापर. या वापराची ग्वाही आपल्या नेत्यांनी तर दिलीच, पण पाकिस्तानच्या पंतप्रधानांनीही त्याच महिन्यात अझरबैजानमधल्या भाषणात रावळपिंडीच्या विमानतळावर ब्रह्मोस पडल्याचे सांगितले. शत्रूच्या तोंडून आलेला दाखला कोणत्याही चाचणी अहवालापेक्षा वजनदार असतो. प्रलयपाशी असा एकही दाखला नाही, आणि खरेदीचा निर्णय घेणाऱ्याने हे विसरू नये.

तरीही ब्रह्मोसवरच सगळा भार टाकणे मला शहाणपणाचे वाटत नाही. हे क्षेपणास्त्र नौदलाला हवे, हवाई दलाला हवे, लष्कराला हवे आणि आता परदेशी गिऱ्हाइकांनाही हवे. त्याची मूळ रचना रशियाच्या ओनिक्स क्षेपणास्त्रावरून घेतलेली आहे आणि संयुक्त कंपनीत रशियाचा वाटा जवळपास निम्मा आहे. रशिया स्वतःच दीर्घ युद्धात गुंतलेला असताना युद्धकाळातल्या वाढीव मागणीची हमी त्याच्या भरवशावर देता येत नाही. शिवाय जे क्षेपणास्त्र समुद्रात विनाशिका बुडवू शकते, ते सीमेपलीकडच्या दारूगोळ्याच्या कोठारावर खर्ची घालणे म्हणजे मच्छर मारायला तलवार काढण्याचा प्रकार आहे.

पिनाक : साधा वाटणारा उमेदवार

पिनाकबद्दल महाराष्ट्रातल्या वाचकाला आपलेपणा असणे स्वाभाविक आहे, पण त्यासाठी भावनेची गरज नाही. आकडे पुरेसे बोलके आहेत. पाषाणच्या एआरडीईने घडवलेल्या या प्रणालीत एका वाहनावर बारा नळ्या असतात आणि बाराही रॉकेटे ४४ सेकंदांत सुटतात. सहा वाहनांची एक तुकडी पाऊण मिनिटाच्या आत ७२ रॉकेटे टाकते. १९९९ मध्ये कारगिलच्या डोंगरांवर ती प्रथम वापरली गेली, तेव्हा तिचा पल्ला चाळीस किलोमीटरच्या आतला होता. पुढे तो वाढत गेला, दिशादर्शन बसवल्यावर ७५ किलोमीटरपर्यंत पोहोचला, आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी चांदीपूरला १२० किलोमीटर पल्ल्याच्या रॉकेटची पहिली चाचणी झाली. प्रलयची जोडचाचणी त्यानंतर दोनच दिवसांनी झाली, त्यामुळे वर्तमानपत्रांत तिच्याच बातमीला जास्त जागा मिळाली. माझ्या मते आधीची बातमी निदान तितकीच मोठी होती.

त्याचे कारण असे, की हे लांब पल्ल्याचे रॉकेट सैन्याकडे आज असलेल्या पिनाकच्या वाहनावरूनच सोडले गेले. नवे वाहन नाही, नवी रेजिमेंट नाही, चालक-तोफचींचे नव्याने प्रशिक्षण नाही. ज्या नळीतून काल ४० किलोमीटरचे रॉकेट जात होते तिच्यातून उद्या १२० किलोमीटरचे जाईल. जोडीला कारखान्यांची साखळी तयार आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने पिनाकच्या दारूगोळ्यासाठी १०,१४७ कोटी रुपयांचे करार केले, ते नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या दोन उत्पादकांशी. दीर्घ युद्धात शेवटी कोणाची कोठारे आधी रिकामी होतात याला महत्त्व येते, आणि संख्येच्या या खेळात प्रलय किंवा ब्रह्मोस पिनाकची बरोबरी करू शकत नाहीत.

युक्रेनमध्ये २०२२ च्या उन्हाळ्यात जे घडले ते इथे लागू पडते. सुमारे ८० किलोमीटर पल्ल्याची दिशादर्शित अमेरिकी रॉकेटे हाती येताच युक्रेनने रशियाची आघाडीलगतची दारूगोळ्याची कोठारे एकामागून एक उडवली, आणि रशियाला आपला साठा दूर, विखुरलेल्या ठिकाणी हलवावा लागला. तोफा होत्या, तोफची होते, पण गोळे वेळेवर येईनात. परंतु त्याच युक्रेनला बर्दियान्स्क आणि लुहान्स्कच्या विमानतळांवरची हेलिकॉप्टरे गाठण्यासाठी ऑक्टोबर २०२३ पर्यंत, म्हणजे अधिक पल्ल्याची क्षेपणास्त्रे मिळेपर्यंत थांबावे लागले. कोठारे, पूल, तोफांची ठाणी, पुढच्या फळीची रडारे हे पिनाकचे काम. त्यामागचे विमानतळ आणि मोठी मुख्यालये हे प्रलयचे. या वाटणीला आपल्याकडचा भूगोलही दुजोरा देतो. पंजाबच्या सपाटीवर १२० किलोमीटरमध्ये युद्धाच्या दृष्टीने बरेच काही येते. लडाखसमोर मात्र होतानपर्यंत पोहोचण्याआधीच हा पल्ला संपतो. स्फोटकांच्या वजनातही रॉकेट उणे पडते, कारण पिनाकचे शीर्ष शंभर किलोच्या घरातले आहे आणि खोल बांधलेल्या काँक्रीटच्या निवाऱ्याला ते पुरणारे नाही.

नस्र, संदेह आणि ती चार मिनिटे

आतापर्यंतची तुलना तोफखान्याच्या अधिकाऱ्याने करावी तशी झाली. धोरण ठरवणाऱ्याची तुलना इथून पुढे सुरू होते, आणि तिच्यासाठी पाकिस्तानच्या नस्र या क्षेपणास्त्राकडे पाहावे लागते. नस्रची पहिली चाचणी १९ एप्रिल २०११ रोजी झाली. पल्ला ६० किलोमीटर, जो पुढे ७० असल्याचे जाहीर झाले. भारतीय चिलखती तुकड्या झपाट्याने सीमा ओलांडून मर्यादित भूभाग काबीज करतील, या शक्यतेला उत्तर म्हणून कमी क्षमतेचे अण्वस्त्र थेट रणांगणावर वापरण्याची धमकी, हे नस्रचे प्रयोजन आहे. भारताने त्यावर उत्तर दिले ते शब्दांत: नस्रच्या आधीच, ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेल्या अण्वस्त्रधोरणानुसार प्रथम वापर आपण करणार नाही, पण आपल्यावर अण्वस्त्र पडले तर प्रत्युत्तर प्रचंड असेल, मग ते अस्त्र आकाराने लहान की मोठे हा भेद मानला जाणार नाही.

प्रलय हे या सूत्राच्या अलीकडच्या बाजूचे उत्तर आहे. अण्वस्त्राची पायरी न चढता, चिलखती दल सीमेपार न पाठवता, काही मिनिटांत शत्रूच्या लष्करी यंत्रणेला जबर तडाखा देता येतो, म्हणजे ज्या आक्रमणाला रोखण्यासाठी नस्र तयार केले गेले ते आक्रमण करण्याची गरजच कमी होते. रणगाडे सीमेवरच उभे आहेत आणि विमानतळ मात्र उखडला गेला आहे, अशा स्थितीत नस्र कोणावर टाकायचे? स्वतःच्याच हद्दीत, की सीमेपलीकडे उभ्या असलेल्या सैन्यावर, ज्याचा अर्थ पूर्ण अणुयुद्ध असा होईल? ऑपरेशन सिंदूरचे ते चार दिवस साधारण याच तर्काने लढले गेले आणि दोन्ही बाजूंच्या सैन्याने सीमा ओलांडली नाही.

परंतु या तर्कात एक भोक आहे आणि ते झाकून ठेवून निवड करता येणार नाही. पाकिस्तानच्या रडारवरच्या अधिकाऱ्याला येणारे क्षेपणास्त्र दिसते, त्याच्या शीर्षात काय आहे ते दिसत नाही. बॅलिस्टिक क्षेपणास्त्र म्हणजे अण्वस्त्र वाहून नेणारे साधन, हे समीकरण उपखंडात पृथ्वी आणि अग्नी यांनी रुजवलेले आहे. पृथ्वी तर दोन्ही भूमिकांत ओळखली गेली. त्यामुळे प्रलयसारख्या अस्त्राचा मारा सुरू झाला की विचाराला मिळणाऱ्या चार-पाच मिनिटांत समोरचा माणूस सर्वांत वाईट शक्यता धरून चालेल, ही भीती अवाजवी नाही. ब्रह्मोसच्या बाबतीत हा संदेह तुलनेने कमी आहे, कारण त्याची ओळख पहिल्यापासून पारंपरिक अस्त्र अशीच आहे.

९ मार्च २०२२ चा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. त्या दिवशी भारताकडून अपघाताने सुटलेले एक निःशस्त्र क्षेपणास्त्र पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. दोन दिवसांनी भारताने चूक मान्य करून खेद व्यक्त केला, आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. पाकिस्तानने त्याचा मार्ग पाहिला, पण प्रत्युत्तर दिले नाही. शांततेचा काळ, एकच क्षेपणास्त्र, बॅलिस्टिक नसलेला मार्ग, अशा अनेक गोष्टी त्या दिवशी जुळून आल्या. युद्धाच्या धामधुमीत एकाच वेळी आठ-दहा बॅलिस्टिक वाटा पडद्यावर उमटल्या असत्या, तर तोच संयम गृहीत धरता आला असता का, याचे उत्तर मी छातीठोकपणे देऊ शकत नाही. यात आणखी एक विसंगती आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये दोन्ही देशांनी बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांची पूर्वसूचना एकमेकांना देण्याचा करार केला, पण क्रूझ क्षेपणास्त्रे, म्हणजे ब्रह्मोससारखी, कमानीऐवजी विमानासारखी उडत जाणारी क्षेपणास्त्रे, त्यातून बाहेर राहिली. म्हणजे ज्याच्याबद्दल संदेह कमी, ते कराराबाहेर, आणि ज्याच्याबद्दल जास्त, त्याची निदान शांतताकाळात तरी आगाऊ वर्दी मिळते.

यातून प्रलय घेऊ नये असा निष्कर्ष निघत नाही. ते कसे ठेवावे, याबद्दलची अट मात्र निघते. प्रलयची नियुक्ती तोफखान्याकडे असावी, अण्वस्त्रांची जबाबदारी असलेल्या सामरिक दल कमांडशी त्याचा तळ, वाहन, संदेशयंत्रणा आणि माणसे यांपैकी काहीही सामाईक नसावे, आणि हे वेगळेपण लपवण्याऐवजी उघडपणे मिरवावे. राजधानीतल्या संचलनात ते दाखवण्याला मी म्हणूनच केवळ शोभेचा भाग मानत नाही. गुप्ततेची सवय जडलेल्या व्यवस्थेला हा सल्ला उलटा वाटेल, पण पारंपरिक अस्त्राचा धाक ते पारंपरिक आहे हे समोरच्याला पटले तरच चालतो.

उत्तरेकडे हे गणित वेगळे आहे. चीनने ३१ डिसेंबर २०१५ रोजी आपल्या क्षेपणास्त्र दलाला स्वतंत्र रॉकेट फोर्सचा दर्जा दिला आणि त्याच्याकडे पारंपरिक क्षेपणास्त्रांचा मोठा साठा आहे. तिथे पारंपरिक माऱ्याची भाषा दोन्ही बाजूंना समजते. शिवाय तिबेटच्या पठारावरचे विमानतळ मोजके, उघड्यावरचे आणि बहुतेक साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीचे आहेत. विरळ हवेत विमानाला धावपट्टी लांब लागते, आणि लांब धावपट्टीचा एक तुकडा जरी निकामी झाला तरी उरलेल्या लांबीतून भरलेले लढाऊ विमान उडू शकत नाही. प्रलयच्या खर्चाला याहून चांगले लक्ष्य दुसरीकडे सापडणे कठीण आहे.

डोळा नसेल तर

एक गोष्ट तिन्ही अस्त्रांना सारखीच लागू आहे, म्हणून तिच्यावर फार शब्द खर्च करत नाही. लक्ष्य कुठे आहे हे आत्ता, या तासाला कळत नसेल, तर पाचशे किलोमीटरचा पल्ला हा केवळ आकडा राहतो. धावपट्टी हलत नाही, पण विमाने हलतात. रशियाच्या इस्कंदरनी युक्रेनच्या तळांवर खरे नुकसान केले ते टेहळणी ड्रोनने वरून लक्ष्य दाखवले तेव्हा. म्हणून प्रलयच्या प्रत्येक रेजिमेंटसोबत उपग्रहचित्रे आणि दूर पल्ल्याचे ड्रोन यांची थेट जोडणी मंजूर होत नसेल, तर त्या रेजिमेंटची संख्या कमी करून तो पैसा ड्रोनकडे वळवावा, असे माझे मत आहे.

मग आधी काय

जनरल बिपिन रावत यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये रॉकेट दलाची कल्पना जाहीरपणे मांडली होती. पाकिस्तानने मे २०२५ च्या संघर्षानंतर, ऑगस्टमध्ये, आर्मी रॉकेट फोर्स कमांडची घोषणाच केली. फतह मालिकेतली त्याची रॉकेटे आणि क्षेपणास्त्रे, ज्यांचे पल्ले सुमारे १४० किलोमीटरपासून पुढे जातात, तिच्या हाती असतील. शेजारी पारंपरिक क्षेपणास्त्रांच्या शर्यतीत उतरला आहे, तेव्हा आपल्याकडचा प्रश्नही फार काळ पुढे ढकलता येणार नाही.

पश्चिम सीमेपुरता विचार करायचा असेल, तर पहिला पैसा १२० किलोमीटरच्या पिनाकवर लावावा, आणि तोही रॉकेटांच्या साठ्यावर, कारण वाहने आधीच आहेत, कारखाने चालू आहेत, आणि रॉकेटच्या माऱ्याचा अर्थ लावताना कोणाच्या मनात अण्वस्त्राची शंका येत नाही. या सीमेवर खोलवरच्या मोजक्या, नेमक्या लक्ष्यांसाठी ब्रह्मोस पुरेसे आहे आणि ते सिद्ध झालेले आहे. प्रलय इथे राखीव म्हणून ठेवावे. उत्तर सीमेचा विचार मुख्य असेल, तर क्रम उलटा होतो. तिथे पिनाक पुढच्या फळीपलीकडे फारसा पोहोचत नाही, ब्रह्मोसचे शीर्ष मोठ्या धावपट्टीसाठी हलके पडते, आणि प्रलयला तोड नाही. दोन्ही सीमांसाठी एकच उत्तर मागणाऱ्याला मी पिनाक आधी, प्रलय लगोलग, आणि ब्रह्मोसची संख्या आहे त्या वेगानेच वाढवत न्यावी, असे सांगेन. डिसेंबर २०२२ मध्ये सुमारे १२० प्रलय क्षेपणास्त्रांच्या खरेदीला मंजुरी मिळाल्याच्या बातम्या आल्या होत्या. एका विमानतळाला काही दिवस बंद ठेवायला किती क्षेपणास्त्रे लागतात याचा विचार केला, तर हा आकडा सुरुवात म्हणून ठीक आहे, साठा म्हणून अपुरा.

मोठ्या मागणीवर सही करण्यापूर्वी एक अट मात्र मी लेखी घालीन. प्रलयच्या ज्या चाचण्या अधिकृतपणे जाहीर झाल्या, त्या ओडिशाच्या किनाऱ्यावर, समुद्रसपाटीच्या दमट, उबदार हवेत झाल्या. घन इंधन थंडीत कडक होते आणि ठिसूळ झालेल्या इंधनाला बारीक तडा गेला तरी पेट घेताना त्याचे वागणे बदलते. विद्युतघट मंदावतात, वाहनांची द्रवचालित यंत्रणा जड होते. म्हणून डागण्याची परवानगी मिळत नसेल तरी निदान एक पूर्ण तुकडी, दोन्ही क्षेपणास्त्रांनी भरलेल्या वाहनांसह, डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पूर्व लडाखमध्ये उघड्यावर ठेवावी, नंतर त्यातलीच क्षेपणास्त्रे ओडिशाला नेऊन डागावीत, आणि ती कुठे पडली ते पाहून मगच पुढच्या रेजिमेंटची संख्या भरावी.